सांगलीचं ‘खरं’ आणि गणिताच्या पुस्तकातलं ‘खरं’

हळदपेव
मंडळी, घरात दोन दिवस वाद चाललाय, तो इथं आणून टाकते. आम्ही सांगलीचे. लेक बारावीला, विज्ञान शाखा. गणिताच्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं आहे. दोन विधानं घ्यायची, त्यांना सत्य-असत्य अशा किमती द्यायच्या आणि कोष्टक भरायचं.

परवा सासूबाई पोस्टातून घामाघूम होऊन आल्या आणि म्हणाल्या, “एवढी उन्हात गेले खरं सायेब जाग्यावर न्हवता.” पुण्याहून आलेली भाची फिस्सकन हसली. म्हणते, “आजी, खरं साहेब नव्हता म्हणजे खोटा साहेब होता का?” आता सांगलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे आम्हाला सांगावं लागत नाही. तिला सांगितलं. तेवढ्यात लेकीनं पुस्तकातून डोकं वर काढलं: “आई, पुस्तकात ‘पण’ला ‘आणि’चंच चिन्ह दिलंय. आजीचं खरं म्हणजे पण, पण म्हणजे आणि. म्हणजे खरं म्हणजे आणि?” मी म्हटलं, “चाचणीत २५ पैकी ११ पडलेत, आता तुझं काही खरं नाही.” ती म्हणाली, “किंमत: असत्य.”

तर प्रश्न दोन. ‘खरं’चा ‘पण’ झाला कसा? आणि पुस्तकातलं सत्य-असत्य आणि आपलं रोजचं खरं-खोटं हे एकच आहे का? माझं मत, नाही. पण कारण नीट सांगता येईना, म्हणून धागा.

मर्दा_ऐक
पहिला! वाचलं न्हाई अजून खरं पहिला.

पुणेरी_पाटी
‘पण’ला ‘पण’ म्हणावे. आभारी आहोत. (हलकेच घ्या.)

कंदी_पेढा
मी साताऱ्याचा, मामाचं गाव इस्लामपूरकडं. लहानपणी सुट्टीत गेलो की पहिले दोन दिवस माझा हाच गोंधळ. मामा म्हणायचा, “तुला बैलगाडीतनं नेलं असतं खरं…” आणि मी वाट बघत बसायचो की खरं काय ते आता सांगेल. साताऱ्यात हे कमी ऐकू येतं. कराड ओलांडून खाली गेलं की सुरू होतं, हा माझा आपला अंदाज.

तर्कटराव
हळदपेव ताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. ११ मार्कांची काळजी करू नका, प्रश्न ११ मार्कांचा नाही. मी साताऱ्यात बरीच वर्षं बारावीला गणित शिकवून निवृत्त झालो. ‘पण’ आणि ‘आणि’ एक कसे, हा प्रश्न दरवर्षी एखादाच विचारायचा. बाकीचे पाठ करायचे.

आजींचं वाक्य घ्या. क: आजी पोस्टात गेल्या. ख: साहेब जागेवर नव्हता. ‘क पण ख’ खोटं कधी ठरेल? आजी गेल्याच नसतील तर, किंवा साहेब जागेवर असेल तर. ‘क आणि ख’ खोटं कधी? नेमकं तेव्हाच. म्हणून चिन्ह एक. मग ‘पण’मध्ये जास्तीचं काय आहे? त्यात आजींचा वैताग आहे. गेल्यासारखं काम व्हायला हवं होतं, ही अपेक्षा आहे. तर्कशास्त्राचा काटा वजन तेवढं सांगतो, भाजी कालची की आजची ते गिऱ्हाइकानं बघायचं.

खरी मारामारी ‘जर-तर’ला व्हायची. वर्गात मी सायकलचं उदाहरण द्यायचो. बाप म्हणाला, “८० टक्के पडले तर सायकल घेईन.” पोराला पडले ७४, बापानं तरी घेतली. बाप खोटं बोलला का? पोरं एकमुखानं म्हणायची, नाही. झालं, कोष्टकातली सगळ्यात अवघड ओळ तिथंच सुटली: ‘जर’ असत्य, ‘तर’ सत्य, आख्खं विधान सत्य. बाप खोटा ठरायला एकच वाट आहे, ८० पडले आणि सायकल आली नाही.

बेदाणा
सर, आदर ठेवून असहमत. मी तासगावचा, द्राक्षबागायतदार. तुमच्या त्या ७४वाल्या पोराला धाकटा भाऊ असला तर त्यो काय शिकंल? आबा म्हणत्यात ८० खरं मिळतंय ७४ ला पण. पुढच्या वर्षी त्यो ६० वर थांबंल. कोष्टकात बाप खरा, घरात खोटा पडला. आमच्याकडं ‘पडले तर’ म्हटलं की त्यात ‘तरच’ आलं. ‘च’ कोण उच्चारत न्हाई, सगळ्यांना ऐकू येतोय.

तर्कटराव
बेदाणा, ‘च’चं बरोबर पकडलंत. ‘तर’ आणि ‘तरच’ यांची कोष्टकं वेगळी आहेत, पुस्तकातही ती वेगळीच दिलीत. माझं म्हणणं एवढंच की बाप जे बोलला त्यात ‘च’ नव्हता, पोरानं तो स्वतः घातला. आता बापालाही पोरानं तो घालावा असंच वाटत होतं, हे कबूल.

बेदाणा
मग ही एक ऐका. आमचे आजोबा खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल घ्यायला गेलते. रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरत आला. शेवटी इचारलं, “मारका न्हाई न्हवं?” मालक म्हणाला, “आजवर मला कधी शिंग लावलं न्हाई.” घेतला. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी गड्याला कुडाला लावलं. आजोबा जाब इचारायला त्या गावात गेले तर शेजारी सांगतोय, त्यो बैल मालक सोडून सगळ्यांना मारायचा! मालकाचा एक शब्द खोटा न्हवता. सांगा, खरं म्हणायचं का खोटं?

मर्दा_ऐक
बैल खरा निघाला.

काळा_कोट
बेदाणांचा बैल म्हणजे थेट ‘नरो वा कुंजरो वा’. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होताच. वाक्य सत्य, हेतू द्रोणाचार्यांना फसवायचा. युधिष्ठिराचा जमिनीवरून चार बोटं वर चालणारा रथ तेव्हा खाली टेकला, म्हणजे व्यासांनी निकाल कुणाच्या बाजूनं दिला ते दिसतंच.

साताऱ्यात वकिली करतो, म्हणून माझी भर. कोर्टात साक्षीदार ‘खरं सांगेन, खोटं सांगणार नाही’ म्हणतो, पण निकालपत्रात खरं-खोटं असे दोनच खाने नसतात. १८७२ च्या पुरावा कायद्यात पहिल्या पानांतच तीन व्याख्या आहेत: शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेलं. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही त्या तीन आहेत. ‘शाबीत’ म्हणजे देवाच्या दारचं सत्य नव्हे. शहाणा माणूस जी गोष्ट धरून पुढं चालेल इतकी ती संभवनीय वाटली पाहिजे, बस. आरोपी सुटला की गावात म्हणतात, “बघा, केस खोटी होती.” नेहमी तसं नसतं. कित्येकदा ती तिसऱ्या खान्यात पडलेली असते. बांधाच्या भांडणात तर दोन्ही पक्ष त्याच खान्यात सापडतात.

नल_पॉइंटर
तिसरा खाना! काळा_कोट साहेब, आमच्या धंद्यातही तोच जीव घेतो.

मूळ पलूसचा, आता बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये. डेटाबेसमध्ये रकाना रिकामा असला की त्याला नल म्हणतात. नलशी कशाचीही तुलना केली की उत्तर खरंही येत नाही, खोटंही येत नाही, ‘माहीत नाही’ येतं. सुरुवातीच्या नोकरीत एका पतसंस्थेचं काम होतं. मागणी आली: ज्यांचं कर्ज ‘चालू’ नाही अशा सभासदांची यादी काढा. काढली. दुसऱ्या दिवशी साठीच्या पुढचे आजोबा काउंटरवर, “मी जन्मात कर्ज काढलं नाही, माझं नाव कसं नाही?” त्यांनी कर्ज काढलंच नव्हतं, म्हणून रकाना रिकामा. रिकामा म्हणून ‘चालू नाही’ हेसुद्धा ‘माहीत नाही’. ज्या माणसाबद्दल वाक्य सगळ्यात जास्त खरं, तोच यादीतून गायब!

हळदपेव
बापरे. यादीत नाव नाही म्हणजे काय होतं हे सासूबाईंना सांगितलं तर त्या बंगळुरात येतील.

नल_पॉइंटर, एक सांगू का? परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी टाकलं: “सर्व सभासदांनी मेंटेनन्स भरलेला नाही.” झालं. ज्यांनी एक तारखेला भरला होता ते तुटून पडले. सेक्रेटरी म्हणतात, “सर्वांनी नाही, काहींनी भरलाय, असंच म्हणतोय की!” चाळीस मेसेज. दोघांनी ग्रुप सोडला. चूक कुणाची?

तर्कटराव
मराठीची. किंवा सेक्रेटरींच्या ‘नाही’च्या जागेची. ‘सर्वांनी भरला’ हे आख्खं वाक्य नाकारलं तर अर्थ होतो, निदान एकानं भरला नाही. प्रत्येकाबद्दल वेगवेगळं नाकारलं तर अर्थ होतो, कुणीच भरला नाही. मराठीत ‘नाही’ शेवटी बसतो, तो कुठपर्यंत पोचतो ते बोलताना आवाजावरून कळतं. ग्रुपवर आवाज कुठला? “काही सभासदांचा मेंटेनन्स यायचा आहे” म्हणाले असते तर दोन माणसं वाचली असती.

‘नाही’ कंसाच्या आत नेताना ‘आणि’चं ‘किंवा’ होतं, हे नियम ज्याच्या नावानं शिकवतात तो ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मला. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करायचे.

मर्दा_ऐक
सर एक शंका. माझ्याकडं जेवढ्या फॉर्च्युनर हायत तेवढ्या सगळ्या पांढऱ्या हायत. खरं का खोटं?

तर्कटराव
तुमच्याकडे किती आहेत?

मर्दा_ऐक
शून्य.

तर्कटराव
मग सत्य. खोटं पाडायला एक तरी बिनपांढरी फॉर्च्युनर दाखवावी लागेल, ती नाही. मात्र तुमच्या सगळ्या फॉर्च्युनर काळ्या आहेत, हेही तितकंच सत्य.

मर्दा_ऐक
दोन रंगात! नाद खुळा. सासऱ्याला सांगतो.

पुणेरी_पाटी
सासरेबुवा ‘शाबीत न झालेलं’मध्ये टाकतील.

आता माझंही घ्या. मी पुणेकर आहे आणि सांगतो की सगळे पुणेकर नेहमी खोटं बोलतात. सोडवा. खरं धरलं तर मी खोटा, खोटं धरलं तर मी खरा. फिरत बसा चौकात.

तर्कटराव
फिरायची गरज नाही. हे कोडं ग्रीकांच्या एपिमेनिडीसच्या नावानं चालत आलंय, तो क्रीट बेटाचा आणि म्हणाला सगळे क्रीटवासी खोटारडे. पण त्यात चक्र नाही. खरं धरलं तर विरोध येतो, मान्य. खोटं धरलं तर? ‘सगळे पुणेकर नेहमी खोटं बोलतात’ याच्या उलट ‘सगळे नेहमी खरं बोलतात’ असं नाही, ‘एखादा पुणेकर कधीतरी खरं बोलतो’ एवढंच. तो एखादा तुम्हीच असायला हवा असं नाही. म्हणजे तुमचं विधान निव्वळ खोटं आहे आणि पुण्यात निदान एक खरं वाक्य बोललं गेलंय. हीच ती सेक्रेटरींची चूक.

खरं चक्र हवं असेल तर म्हणा, “मी आत्ता बोलतोय ते हे वाक्य खोटं आहे.” त्यातून सुटका नाही.

पुणेरी_पाटी
पुण्यात एक खरं वाक्य बोललं गेलं हे मान्य केल्याबद्दल धन्यवाद. पाटी लावतो.

कंदी_पेढा
मग त्या चक्राचं पुढं काय झालं सर? कुणी सोडवलं का नाही?

तर्कटराव
सोडवलं म्हणण्यापेक्षा कुंपण घातलं. आल्फ्रेड टार्स्की नावाचा पोलिश तर्कशास्त्रज्ञ, १९३३. तो म्हणाला, ‘बर्फ पांढरं आहे’ हे वाक्य खरं, जर आणि फक्त जर बर्फ पांढरं असेल तर.

बेदाणा
ह्यासाठी पोलंडला जायला लागलं? आमच्याकडं ‘हळद पिवळी हाय’ हे खरं कधी, तर हळद पिवळी असंल तवा, हे अडत्यालाबी म्हाईत हाय.

तर्कटराव
हाहा. पण अवतरणचिन्हाकडे बघा. चिन्हाच्या आत आहे ते वाक्य, बाहेर आहे ती हळद. ‘खरं’ हा शब्द वाक्याबद्दल बोलतो, म्हणून तो त्या वाक्याच्या भाषेत न राहता एक पायरी वर उभा असावा, असं टार्स्कीचं म्हणणं. एकदा ही पायरी पाळली की वाक्याला स्वतःलाच ‘खोटं’ म्हणता येत नाही आणि चक्र तुटतं. रोजच्या भाषेत मात्र आपण ती पायरी पाळत नाही, सगळं एकाच ओट्यावर बसून बोलतो. त्यामुळे बोलीला आपलं औषध लागू पडत नाही, हे त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय.

वाईची_वाट
उशिरा आले. एक गोष्ट कुणी काढलीच नाही: खरं असतं ते वाक्य की ज्ञान? न्यायशास्त्रात (कोर्टाच्या नव्हे, आपल्या जुन्या न्यायदर्शनात) खरेपणाची चर्चा मुख्यतः ज्ञानाची आहे. ‘तर्कसंग्रह’ लिहिणाऱ्या अन्नंभट्टाची व्याख्या आमच्या गुरुजींनी घोकून घेतली होती, ‘तद्वति तत्प्रकारकोऽनुभवो यथार्थः’. जिथं जे आहे तिथं ते आहे असा अनुभव तो यथार्थ. शिंपलीला चांदी समजलात तर अयथार्थ. त्यात तुम्ही कुणाला फसवलेलं नाही.

इथं मला हळदपेव ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. रोजच्या मराठीत ‘खरं’च्या विरुद्ध एक शब्द नाहीच. घड्याळ मागं पडलं म्हणून मी आठऐवजी साडेसात सांगितले, तर मी चुकले. माहीत असून सांगितले तर खोटं बोलले. दागिना पितळेचा निघाला तर तो खोटा, पण तो बिचारा काही बोललाच नाही. पुस्तकातल्या ‘असत्य’मध्ये हे तिन्ही एकाच पोत्यात भरलेत. पोरांना ‘असत्य’ म्हटलं की कुणीतरी पाप केल्यासारखं वाटतं. शाळेतलं जुनं ‘चूक की बरोबर ते सांगा’ मला त्यामानानं सोज्वळ वाटतं.

आणि एक. मागं डिसेंबरात पहाटे कराडच्या रस्त्यानं येताना पलीकडच्या शेतावर पांढरं दिसलं. मी गाडीत म्हटलं, “पाचट पेटवलंय.” जवळ गेलो तर ते धुकं. हसले सगळे. अजून शंभर पावलं गेलो तर त्या धुक्याच्या मागं खरंच पाचट जळत होतं! माझं वाक्य खरं होतं. पण मला ते कळलं होतं का? धुक्याला धूर समजून विस्तव ओळखणारा माणूस आपल्या जुन्या पंडितांनीही चर्चेला घेतलाय.

नल_पॉइंटर
पाचटाचं उदाहरण वाचनखूण म्हणून साठवलं. कोड चुकीचं असून उत्तर बरोबर येतं तेव्हा हेच होतं, आणि तो बग सापडायला वर्ष लागतं.

आयर्विनखाली
मी फक्त वाचत होतो, पण एक विचारायचंय.

ऑगस्ट २०१९, सांगलीचा महापूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी आमच्या घरात तासातासाला म्हटली जायची. इशारा ४० फूट, धोका ४५. शेजारचे काका गच्चीवरून सांगायचे, “२००५ ला आपल्या पायरीला पाणी लागलं नव्हतं, आताही लागणार नाही.” पहिलं वाक्य शंभर टक्के खरं. आमच्या गल्लीत निम्मी माणसं त्या एका खऱ्या वाक्यावर घरात थांबली. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. काकांना बोटीतून काढलं, तेव्हा पायरी कुठं आहे तेच कळत नव्हतं.

माझा प्रश्न असा की काका “लागणार नाही” म्हणाले त्या संध्याकाळी ते वाक्य खोटं होतं का? की दोन दिवसांनी खोटं झालं? ते खोटारडे नव्हते. आम्हीही त्यांच्यावर विश्वास ठेवला म्हणजे आम्हालाही तेच वाटत होतं.

तर्कटराव
हा प्रश्न ॲरिस्टॉटलचा आहे. तो म्हणायचा, उद्या समुद्रात लढाई होईल हे वाक्य आजच खरं असेल तर लढाई टळूच शकत नाही, आजच खोटं असेल तर होऊच शकत नाही. मग माणसानं विचारविनिमय कशाला करायचा? १९२० मध्ये यान लुकासिएविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञानं यासाठी सरळ तिसरी किंमत मांडली, ना सत्य ना असत्य. मला वैयक्तिक ती पटत नाही. मला वाटतं काकांचं वाक्य त्याच संध्याकाळी असत्य होतं, फक्त कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

वाईची_वाट
मला उलट वाटतं. मराठीत ‘शब्द खरा केला’, ‘भाकीत खरं झालं’ म्हणतात. आधीच खरं असतं तर ‘झालं’ कशाला म्हटलं असतं?

आयर्विनखाली
वाद तुम्ही चालू ठेवा. काका आता पातळी ३८ झाली की बॅग भरतात.

कंदी_पेढा
पहिला प्रश्न सगळे विसरले. ‘खरं’चा ‘पण’ कसा झाला? माझा तर्क सांगतो, चुकला तर चुकला म्हणा, खोटं म्हणू नका. प्रमाण मराठीतही आपण म्हणतो, “तो आला खरा, पण बोलला नाही.” आधी मान्य करायचं, मग उलटायचं. सांगलीकरांनी ‘पण’ गाळला आणि उलटायचं कामही ‘खरं’वर टाकलं. “आला खरं बोलला न्हाई.”

पुणेरी_पाटी
हे पटलं. नाइलाजानं.

सीमेवरचा_जत
आमच्या जतकडं कन्नड बोलणारी माणसं भरपूर. त्यांच्या बोलीतपण ‘खरे’ म्हणजे खरं. एवढीच भर.

तर्कटराव
कंदी_पेढा, तुमची उपपत्ती मला फार आवडली. म्हणजे आजी ‘खरं’ म्हणतात तेव्हा आधीच्या वाक्याला ‘सत्य’ असा शिक्का मारूनच पुढं जातात. आजी पोस्टात गेल्या: सत्य. आता पुढचं ऐका. कोष्टकाच्या पहिल्या रकान्यातली किंमत त्यांनी वाक्यातच भरून दिली! लेकीचं ‘खरं म्हणजे आणि’ निम्मं बरोबर होतं, खरं तिला आता पूर्ण मार्क द्या.

मर्दा_ऐक
सर सांगलीचे झाले! सर ‘खरं’ म्हणाले!

तर्कटराव
लक्षातच आलं नाही. आठवडाभर हा धागा वाचतोय, दुसरं काय होणार.

हळदपेव
सगळ्यांचे आभार. लेकीला सगळं वाचून दाखवलं, फॉर्च्युनर तिला फार आवडली. आता ती ‘माझ्या सगळ्या नापास पेपरांत मला ९० आहेत’ म्हणत हिंडते आहे. सासूबाईंनाही कंदी_पेढा यांचा तर्क सांगितला, की तुम्ही आधी मान्य करता आणि मग उलटता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “आसंल बाई. तुमचं समद्यांचं बराबर हाय खरं त्यो सायेब उद्या तरी जाग्यावर आसंल का?”

काळा_कोट
शाबीत न झालेलं.